बाद कोणालाच करू नका

बालकांच्या अभ्यासवर्गात इंग्रजीची उजळणी म्हटली की स्पेलिंगच्या भेंड्या लागतात. आम्हाला त्या पसंत नाहीत. चुकला तो बाद. म्हणजे ज्याला सराव हवा, तोच कोपऱ्यात बसतो!

आम्ही खोक्याचा पुठ्ठा कापून वीस पत्ते करतो. एकावर ‘गो’, दुसऱ्यावर ‘वेन्ट’. ‘कम’ला ‘केम’, ‘ईट’ला ‘एट’, अशा दहा जोड्या इंग्रजी अक्षरांत लिहून पालथ्या मांडायच्या. पाळीपाळीने दोन उलटायचे, मोठ्याने वाचायचे. जोडी जुळली आणि तिचे वाक्य करता आले, तरच पत्ते आपले. नाहीतर पुन्हा पालथे. पाळी मात्र सर्वांना येतेच. पाठांतरात मागे असलेली पोरेही पत्त्याची जागा बरोबर सांगतात.

मातांनो, तुम्हीही बसा. इंग्रजी येत नसले तरी जागा तुम्ही ओळखा, वाचून मुलगी दाखवील.