कळा आणि खिडक्या

नव्या घरी राहावयास गेलेल्या माणसाचा हात अंधारात कित्येक दिवस जुन्याच जागी दिव्याचे बटण चाचपतो. विंडोज सोडून मॅकिन्टॉश किंवा लिनक्सकडे वळणाऱ्याची गत अशीच होते.

मजकूर कापणे, त्याची प्रत घेणे व ती अन्यत्र डकविणे ही रीत लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात सिद्ध केली. १९८३ साली ॲपलच्या ‘लिसा’ संगणकावर तिच्यासाठी एक्स, सी व व्ही या कळा आल्या. केलेले रद्द करण्यासाठी झेड. सी हे ‘कॉपी’चे आद्याक्षर खरे, परंतु या चार कळांचे सामर्थ्य त्या डाव्या हाताखाली शेजारी शेजारी बसल्या आहेत यातच आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत मराठी लिहिणारा सीच्या कळीवर ‘म’ उमटवितो. तरी प्रत घ्यावयाची झाली की त्याचे बोट तिकडेच वळते.

मतभेद आहे तो जोडीच्या कळीविषयी. मॅकवर ती ‘कमांड’, तर विंडोजवर ‘कंट्रोल’. येथे मॅकची योजना अधिक शहाणपणाची म्हटली पाहिजे. युनिक्सच्या परंपरेत कंट्रोल व सी मिळून चालू कार्यक्रम थांबविण्याची आज्ञा होते. कमांड निराळी असल्याने मॅकवर दोन अर्थांची टक्कर होत नाही. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये मात्र प्रत घेण्यास बहुधा शिफ्टचीही जोड द्यावी लागते आणि ती विसरणाऱ्याचे चालू काम मध्येच तुटते.

मेनूचा न्याय याहून वेगळा. मॅकची मेनूपट्टी पडद्याच्या वरच्या कडेस असते. माऊस कितीही जोराने पुढे ढकलला तरी बाण कडेपाशीच अडतो, म्हणून नेम चुकत नाही. पण ज्याला पडदाच दिसत नाही, जो पडदावाचकाचा आवाज ऐकून काम करतो, त्याला त्या कडेचा काय उपयोग? मॅकवरही कळांनी मेनू गाठता येतो. परंतु विंडोजची जुनी पद्धत अधिक सरळ आहे. ऑल्ट दाबावी, अधोरेखित अक्षर दाबावे, मेनू उघडतो. ऑल्टसह स्पेस दाबली असता खिडकी हलविण्याचा, लहानमोठी करण्याचा वा मिटण्याचा मेनू समोर येतो. अलीकडे मात्र अनेक कार्यक्रमांतून सुबकतेच्या नावाखाली मेनूपट्टीच काढून टाकली जाते, हे योग्य नव्हे. डोळसाचा त्यात क्षणभर वेळ जातो; अंध वाचकाची वाटच हरवते. पट्टी लपवावयाची तर खुशाल लपवावी. ऑल्ट दाबताच ती पुन्हा प्रकट व्हावी, इतकी सोय विंडोजवरील फायरफॉक्सने राखलीच आहे.