तात्पुरतं घर

‘घर पाहावं बांधून’ असं आपण म्हणतो. पण ज्या मुलखात दगड नाही, वीट नाही, झाडं औषधापुरती, तिथे घर बांधायचं कशाने? मंडळी, उत्तर बघायचं असेल तर ओक्लाहोमात अलीन नावाच्या छोट्या गावाकडे गाडी वळवा. मार्शल मॅकली ह्या गृहस्थाने १८९४ साली बांधलेलं दोन खोल्यांचं घर तिथे अजून उभं आहे. वसाहतवाल्यांनी बांधलेल्या असल्या घरांपैकी त्या राज्यात उरलेलं हे एकमेव.

मातीचं घर म्हटलं की आपल्याला गारा तुडवून घातलेल्या भिंती आठवतात. हा प्रकार निराळा. तिथल्या माळावरच्या बफेलो ग्रासच्या मुळांचं जाळं इतकं दाट, की खास नांगराने कापलं की गवतासकट मातीचा पट्टा गालिच्यासारखा निघतो. फावड्याने त्याचे तुकडे पाडायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून, विटांसारखी सांधमोड करत रचायचे. आम्हा इंजिनियर लोकांच्या भाषेत, ती मुळं म्हणजे काँक्रीटमधल्या सळया, त्याही फुकट! भिंती दोन-तीन फूट जाड, त्यामुळे उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब.

रडकथा होती ती छपराची. तिथेही मातीच. पाऊस थांबला तरी आत ठिबकणं चालूच. वरून माती, किडेमुंग्या, क्वचित सापही पडे, म्हणून आढ्याखाली कापड ताणून बांधत. मराठवाड्यात धाब्याच्या घरात पावसाळा काढलेल्यांना जास्त सांगायला नको.

ही जमीन काही बेवारस नव्हती. चेरोकी लोकांवर दबाव आणून सरकारने ती विकत घेतली आणि १६ सप्टेंबर १८९३ ला भर दुपारी बारा वाजता शर्यत लावून वाटली. लाखभर माणसं घोड्यांवरून, गाड्यांतून, पायी धावत सुटली. त्यांतलेच एक मॅकली. घर बघताना हेही ध्यानात ठेवायला हवं.

असलं घर कोणी कायमचं म्हणून बांधत नसे. गाठीला चार पैसे आले की लाकडी घर बांधायचं, असा बेत. मॅकली मंडळी त्यात १९०९ पर्यंत राहिली. तात्पुरत्याची झाली पंधरा वर्षं! ‘दोन वर्षांत परत जाऊ’ म्हणून आलेल्या आपल्यापैकी कित्येकांना हा हिशोब ओळखीचा वाटेल.

पुढे ते सामान ठेवायला वापरलं, म्हणून पाडलं गेलं नाही. १९६० च्या दशकात राज्याच्या इतिहास संस्थेने ताब्यात घेऊन त्याच्याभोवती दुसरी इमारत उभारली. घरालाच घर! नाहीतर मातीची माती व्हायला किती वेळ?

आपल्याकडेही असलं तात्पुरतं बरंच आहे. मंडळाचा पहिला हाताने लिहिलेला अंक, पहिल्या गणपतीचा जमाखर्च, शाळेच्या हॉलमधल्या नाटकाचं हस्तपत्रक. कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये खोक्यात पडलं असेल, आणि पुढच्या घरबदलात कचऱ्यात जाईल. तेव्हा खोकी उघडा, आणि सापडेल ते कार्यकारिणीकडे आणून द्या. टिकवण्याजोगं आहे की नाही, ते पन्नास वर्षांनी येणाऱ्यांना ठरवू द्या.