जुने आणि नवे चित्रपट

‘जुने ते सोने’ असे चित्रपटांविषयी अनेक वडीलधारे म्हणतात. मुलांना मात्र जुने चित्रपट संथ वाटतात. खऱ्या रसिकाला ही दोन्ही मते एकांगी वाटतात. सामान्य चित्रपट पूर्वीही निघत. ते विस्मृतीत गेले आणि चांगले तेवढे स्मरणात राहिले.

पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट १९३६ सालचा. त्यात रंग नाहीत की भपका नाही. तरीही मुलांच्या भुकेने व्याकूळ होऊन पतीवर रागावणारी आणि त्याच्यावर तितकीच माया करणारी जिजाई आजही घरातलीच वाटते. १९३७ साली दूरच्या व्हेनिस येथील महोत्सवातही या चित्रपटाचा गौरव झाला.

‘श्वास’ हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. कोकणातील एका मुलाला डोळ्यांचा कर्करोग होतो. प्राण वाचवायचे तर दृष्टी गमवावी लागणार! शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला जग डोळे भरून पाहू देतात. हे पाहताना प्रेक्षकांचेही डोळे पाणावतात.

या दोन चित्रपटांत अडुसष्ट वर्षांचे अंतर आहे. पण माणसाच्या मनाचे सच्चे दर्शन दोहोंतही घडते. म्हणून चित्रपटाचे वय विचारू नये. त्यातील माणसे खरी वाटतात का, हे पाहावे.