लहरी कुणाला, त्याआधी कशासाठी?

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. तरीही स्पेक्ट्रमची आपल्याकडची चर्चा लिलावातून किती कोटी आले, यापुढे सहसा सरकत नाही. २००८ मध्ये लिलावाविना वाटलेले १२२ दूरसंचार परवाने २०१२ मध्ये रद्द झाले, त्यानंतर लिलावावर विश्वास बसला, हे रास्तच. पण लिलाव ठरवतो तो एकाच कामासाठी इच्छुक असलेल्या कंपन्यांमधला मानकरी. कोणता पट्टा मोबाइलला, कोणता जहाजांना आणि कोणता विज्ञानाला, हे आधीच ठरवावे लागते आणि तिथे बोली कामाची नाही.

नारायणगावजवळच्या खोडद परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाचा वेध घेतात. अवकाशातल्या हायड्रोजनची लहर १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास उमटते. ही वारंवारता निसर्गाने ठरवलेली आहे, शास्त्रज्ञांना ती बदलून घेता येत नाही. संकेत अतिशय क्षीण असतो, म्हणून १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झमध्ये प्रक्षेपणाला जगभर मनाई आहे. कोकण किनाऱ्यावरचा तांडेल संकटात सागरी रेडिओच्या सोळाव्या चॅनलवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर, मदत मागतो. खगोलशास्त्रज्ञ काय किंवा तांडेल काय, लिलावात कंपन्यांपुढे टिकणार नाहीत. म्हणून त्यांची गरज कमी मोलाची ठरत नाही.

यावर आक्षेप असा, की राखीव पट्ट्यांमुळे महसूल बुडतो आणि अधिकाऱ्यांच्या मर्जीला वाव मिळतो. महसुलाचे म्हणाल, तर २०१६ मध्ये ७०० मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये राखीव किंमत ठेवली आणि एकही बोली आली नाही. पुढे २०२२ पर्यंत तो विकला गेला नाही. न वापरलेल्या लहरी शिल्लक राहत नाहीत, तो काळ वायाच जातो. उलट २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना खुला आहे, म्हणून घरोघरी वाय-फाय पोहोचले. मर्जीची भीती मात्र खरी आहे. लिलावाविना वाटप कोणत्या कामांसाठी करायचे, याची यादी २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आहे. पडून राहिलेला स्पेक्ट्रम काढून घेण्याची तरतूदही आहे. आता सुरक्षेची गुपिते वगळून प्रत्येक राखीव पट्ट्याचा वापर आणि तो राखण्याचे कारण सरकारने ठरावीक मुदतीने जाहीर करावे. मालमत्ता जनतेची असेल, तर तिचा हिशेबही जनतेला मिळालाच पाहिजे.