गावची वीज आणि चोख वही

सायंकाळी टावर चौकात दिवे लागतात आणि आपल्या पेढ्यांवर वर्दळ वाढते. परंतु माळव्यातील ज्या शिवारांतून गहू उज्जयिनीच्या बाजारात येतो, तेथील विहिरीवरचा पंप चालला तरच आपला व्यापार चालतो. म्हणून ग्रामीण विजेचा प्रश्न व्यापारी बंधूंस परका नव्हे.

गावकऱ्यांनीच सहकाराने वीज वाटावी, असा प्रयोग १९६९ च्या सुमारास देशात पाच ठिकाणी योजिला गेला. त्यांपैकी महाराष्ट्रातील श्रीरामपूरची मुळा-प्रवरा संस्था घाऊक वीज घेऊन ती सभासदांस पुरवीत असे. पुढे घाऊक विजेची देणी तुंबली आणि २०११ साली तिचे वितरणकार्य महावितरणकडे गेले. सीमाभागातील हुक्केरीची संस्था मात्र आजही उभी आहे. अर्थात, दोष सहकाराच्या तत्त्वाचा नव्हे.

न मोजता माल देणारी आणि उधारी वसूल न करणारी पेढी किती दिवाळ्या पाहील? २००३ च्या वीज कायद्याने दोन्ही उपाय सांगितले आहेत: पुरवठा मीटरनेच व्हावा आणि शासनाने जाहीर केलेल्या सवलतीची रक्कम आगाऊ द्यावी. शेतकऱ्यास सवलत अवश्य मिळावी. परंतु ती कोणाच्या नावे पडणार, हे आधी ठरावे. नव्या घोषणांपूर्वी या दोन गोष्टींस अग्रक्रम मिळावा, असे आमचे नम्र मत आहे. जमाखर्च चोख असेल, तरच गावचा दिवा तेवत राहील.