तळ्याकाठची वहिवाट

मुळशीच्या अगर पवनेच्या जलाशयाकाठी ज्यांनी अलीकडे बंगले उठविले आहेत, त्या सद्गृहस्थांच्या खरेदीखतात चतुःसीमा काटेकोरपणे नमूद असतात. परंतु त्याच जमिनीतून पाण्याकडे ये-जा करणाऱ्या दिवड या पाणसापाची वहिवाट कोणत्याही दप्तरात नोंदलेली नसल्यामुळे, पहिल्या पावसाळ्यातच माळ्याच्या हातची काठी तिचा निकाल लावून मोकळी होते.

वास्तविक हा दिवड बिनविषारी, मासे-बेडकांवर निर्वाह करणारा. त्याच्या अंगावर काळसर चौकडी असते आणि डोळ्याखालून दोन काळ्या तिरक्या रेघा ओघळलेल्या दिसतात. मात्र कोंडीत सापडला म्हणजे तो मान चपटी करून उभारतो, आणि हा आविर्भावच त्याला नाग ठरवून त्याच्या प्राणावर बेततो. धामणीचीही तीच गत. वास्तविक उंदरांचा बंदोबस्त तिच्याइतका चोख दुसरे कोण ठेवणार?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे भय मात्र अनाठायी नव्हे, आणि भूतदयेचे प्रवचन ऐकवून ते घालविता येणार नाही. खरकटे उघड्यावर न टाकणे, लाकडांची रास भिंतीपासून दूर रचणे, रात्री विजेरीवाचून बाहेर न पडणे, जमिनीवर न निजणे (मण्यार हिंडते ती रात्रीच) आणि दंश झालाच तर मांत्रिकाच्या नादी न लागता प्रतिविष असलेले रुग्णालय तडक गाठणे, एवढी शिस्त हवी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना अभय दिले आहे खरे. पण फिर्याद कोणी द्यावी, आणि पंचनामा तरी कशाचा, मारलेले जनावर तर तासाभरात जाळून टाकलेले असते!