१९११ नंतरचा धडा

बारावीला भौतिकशास्त्र शिकवता शिकवता मी निवृत्त झालो. रुदरफर्डचा सोन्याचा पत्रा तर झोपेतही काढून दाखवीन. अल्फा कण येतो, केंद्रकाच्या विद्युतभारामुळे वळतो आणि आला तसा अख्खा निघून जातो. पेपरात पूर्ण गुण. पण अल्फा कण मुळातच चिवट. त्याच्या जागी लिथियम-६ सोडला तर? पाठ्यपुस्तक गप्प.

लिथियम-६ म्हणजे अल्फा आणि ड्युटेरॉन यांचा तकलादू संसार. शिशाच्या केंद्रकातून एक न्यूट्रॉन उपटायला साधारण ७.४ एमईव्ही ऊर्जा लागते, इथे १.४७ एमईव्हीत काडीमोड. जड केंद्रकाच्या जवळ जाताच पुष्कळदा धडकेआधीच तुकडे पडतात. कधी दोन्ही निसटतात, कधी एकच आत शिरतो. म्हणून अख्खा लिथियम गिळला जाण्याचे प्रमाण गणितापेक्षा सुमारे तीस टक्के कमी भरते. कॅनबेरात हे मोजले गेले, तसे आपल्या कुलाब्यातल्या पेलेट्रॉन या कणत्वरकावरही.

‘याचा उपयोग काय?’ हा पालकांचा ठरलेला प्रश्न. (त्यांना बहुधा सीईटीला येईल का, एवढेच विचारायचे असते.) उत्तर थोरियममध्ये आहे. अणुभट्टीत थोरियमने न्यूट्रॉन गिळला की वाटेत प्रोटॅक्टिनियम-२३३ तयार होते आणि त्याचे हळूहळू युरेनियम-२३३ बनते. मधल्या काळात प्रोटॅक्टिनियमलाच दुसरा न्यूट्रॉन लागला तर? किती केंद्रके दुभंगतील हे भट्टी आखणाऱ्याला कळायला हवे. पण प्रोटॅक्टिनियम-२३३चे अर्धायुष्य जेमतेम २७ दिवस, आणि किरणोत्सार इतका की त्याचे लक्ष्य बनवून मारा करणे महाकठीण. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी आडवाट काढली. थोरियमवर लिथियम-६ सोडला. ड्युटेरॉन आत गेला आणि अल्फा बाहेर पडला, की आत उरते प्रोटॅक्टिनियम-२३४, म्हणजे २३३ने न्यूट्रॉन गिळल्यावर जे झाले असते तेच. बाहेर आलेला अल्फा आणि दुभंगाचे तुकडे एकाच वेळी टिपायचे. हे काम २००८मध्ये प्रसिद्ध झाले.

मुंबईत झालेला हा प्रयोग बारावीच्या पुस्तकात का नसावा? गणित अवघड असेल तर गाळा. आकृती, दोन परिच्छेद आणि तीन गुणांचा एक प्रश्न पुरे. पाने कमी पडत असतील तर बोरच्या त्रिज्येची सिद्धता काढून टाका. ती पोरे तशीही पाठच करतात.